वाघोली ते धायरी, व्हाया संशय

आमची गाडी दोन घरांत नांदते. वडिलांनी घेतलेली, आता वीस वर्षांची झालेली हॅचबॅक एक पंधरवडा माझ्याकडे वाघोलीला असते आणि पुढचा पंधरवडा धाकट्या भावाकडे, श्रीकांतकडे, धायरीला. रविवारी किल्ली हातात पडते, चहा होतो. खरे सांगायचे तर या निमित्ताखेरीज आम्हा भावांची भेट होत नाही.

गेले काही महिने ही कुलीन स्त्री जिथे उभी राहील तिथे काळा डाग सोडू लागली. सोसायटीचे अध्यक्ष रोज सकाळी त्या डागाचे दर्शन घेऊन माझ्याकडे बघत. पण खरी मेख वेगळी होती. मी ऑइलची पट्टी काढून बघायचो, तर तेल कमी नाही! उलट खुणेच्या वरच. गळणारे भांडे भरत जाते, हे कोणत्या शास्त्रात बसते? मी अनुमान काढले: श्रीकांतने सिंहगडाच्या रस्त्यावर खालून दगड मारून घेतला आहे आणि मला कळू नये म्हणून गुपचूप तेल ओततो आहे. गाडी विकणाऱ्या एका एजंटाला मी फोटोही पाठवून ठेवले. श्रीकांतची लबाडी पकडली, की गाडी विकायची आणि हा संयुक्त संसार मोडायचा, असे ठरवून, येतो आहे एवढेच त्याला कळवून, शनिवारी सकाळी धायरीला निघालो.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: नगर रस्त्यावर आठच्या आत बाहेर पडा, नाहीतर खराडीपर्यंतच चातुर्मास संपतो. मी आधी वाघोलीतल्याच एका चकचकीत गॅरेजात थांबलो. तिथल्या तरुणाने बॉनेट न उघडता, वाकून खाली टॉर्च मारला.

"क्रँकचं ऑइल सील गेलंय सर. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दोन दिवस गाडी सोडा."

"बॉनेट उघडून बघणार नाही का?"

"एक्सपीरियन्स आहे सर."

अनुभव हे प्रमाण आहे हे मान्य, पण त्याआधी प्रत्यक्ष नावाचे एक प्रमाण असते. मी किल्ली परत घेतली.

मुंढवा, हडपसर करत मार्केट यार्डाजवळ चहाला थांबलो. (चहा उत्तम, क्रीमरोल कालचा. कालचाच का, असे विचारल्यावर टपरीवाला म्हणाला, "परवाचा संपला.") सफरचंदाच्या रिकाम्या खोक्याचा एक पुठ्ठा उचलून गाडीखाली सरकवला. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पडत होते. म्हणजे वाघोलीचा तो तरुण बरोबर? वाईट वाटले. डोक्यावर पोते घेतलेला एक हमाल थबकून म्हणाला, "साहेब, गाडीला चहा पाजताय का?" मी पुठ्ठा घडी करून पुरावा म्हणून मागच्या सीटवर ठेवला.

स्वारगेटपासून सिंहगड रोडला लागल्यावर मी श्रीकांतला बोलायची वाक्ये जुळवत होतो. धायरीला पोचलो तर तो फाटकातच उभा. शेजारी त्याचा मेकॅनिक पोपट. आधीच बोलावून ठेवलेला! माझा संशय आणखी घट्ट झाला.

"दादा, आत तरी ये."

"आधी गाडी बघू."

पोपटने बॉनेट उघडले आणि माझ्या बाजूला मान न वळवता बोलू लागला. "तेल पडतं खाली, पण गळतं वरनं. वाटेत कुठंकुठं फिरतं ते तेलालाच ठावं. आधी धुतो."

त्याने इंजिन धुऊन, पुसून लख्ख केले. मग श्रीकांतच्या बायकोचा, मेघनाचा, टाल्कम पावडरचा डबा मागवून सगळीकडे पावडर उडवली. इंजिन लग्नाला निघाल्यासारखे दिसू लागले. आम्ही दोघे खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत तो म्हणाला, "गाडीचे फोटो कुणाला पाठवलेस? तुझ्या त्या एजंटाने ते मलाच दाखवले. गाडी घेता का म्हणून."

"यंदा पाणी बरंय," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो.

परतल्यावर बॉनेट उघडले. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ सरळ दिसत होती. ती इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, कडेपासून निघून, मागे ओघळून, गिअरबॉक्सच्या सांध्यावर उतरली होती.

"सील ठणठणीत हाय," पोपट म्हणाला. "कव्हरचं पॅकिंग कडक झालंय." मग त्याने पट्टी ओढली, बघितली, पुसली, पुन्हा घातली. "आणि एवढं तेल कुणी वतलं हो? इंजिन हाय का रांजण? जास्त झालं की दाब वाढतो, मग जिथं कमजोर तिथनं बाहेर."

माझा क्षण आला होता. मी श्रीकांतकडे वळलो.

"मीच," तो म्हणाला. "तुझ्याकडे द्यायच्या आदल्या दिवशी दर वेळी थोडं घालतो."

"का? काय लपवायचं होतं?"

"लपवायचं?" तो खरोखर गोंधळला. "अरे, आई कधी कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायची का? निदान साखरेचे चार दाणे तरी. पेट्रोल तर भरतोच, पण त्यात काय विशेष? म्हणून तेल."

"पट्टी बघायचास का?"

"साखर मोजून घालतात का, दादा?"

सिंहगड रोडवर जुळवलेली वाक्ये मी तिथेच मोडीत काढली. पोपटने जास्तीचे तेल काढले, इंजिनातला दाब बाहेर सोडणारी, चोंदलेली ब्रीदरची नळी साफ केली, नवे पॅकिंग बसवले. जुन्या गाडीवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे: गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिन धुवा, पावडर मारा आणि ओला भाग जिथे सर्वांत वर असेल तिथून शोध सुरू करा. खर्च त्या दिवशीच्या आमच्या जेवणाइतकाच आला. जेवण अर्थात श्रीकांतने दिले, म्हणून नेमका आकडा देता येत नाही. एजंटाला मी तिथूनच फोन करून नकार कळवला. श्रीकांत ऐकत नसल्यासारखा ऐकत होता.

आता गाडीखालची फरशी कोरडी आहे. अध्यक्ष तरीही वाकून बघतात. परवा गाडी माझ्याकडे आली तेव्हा पट्टीवर तेल बरोबर खुणेला होते आणि पुढच्या सीटवर, बेल्ट लावून बसवलेला, गुळपोळ्यांचा स्टीलचा डबा होता. तो घासून ओट्यावर पालथा घातलेला आहे. बायको विचारते, यात काय घालून पाठवायचे? मी म्हटले, तेल सोडून काहीही.