किनवटच्या जंगलातली घोडी
पन्नाशी उलटेपर्यंत मी घोड्यावर बसले नव्हते. गावानं माझ्या वडिलांना वरातीत घोड्यावर बसू दिलं नव्हतं, हे आईकडून ऐकलं होतं. किनवटच्या जंगलात एक घोडेवाले काका लोकांना फिरवतात असं कळलं, तेव्हा भर श्रावणात मी मुदखेडहून एकटीच गेले. काका लगाम धरून पुढे चालत होते, सागाची ओली पानं माझ्या तोंडावर आपटत होती. ओढ्याशी घोडी अडली.

"ताई, उतरा. बिथरली हाय ती."

"न्हाई काका, उतरत न्हाई. तिला दम खाऊ द्या."

भीती वाटत होती, तरी मी तिच्या मानेवरून हात फिरवत बसून राहिले. शेवटी तिनं पाणी हुंगलं आणि पाय टाकला. पलीकडे पोचल्यावर काकांनी लगाम माझ्या हातात दिला.