दाजींची क्षमा मागायला बेंगळुरूला

निपाणीहून बेंगळुरूला लोक नोकरीसाठी जातात, लग्नाला जातात, डोळे तपासायला जातात. आम्ही गेलो माफी मागायला.

गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची. मी एकोणीस वर्षांची होते. आता नात टाइप करून देतेय म्हणून ब्लॉगवर लिहायला सुचतंय. त्या रस्त्याने जाणार असाल तर थोडाफार उपयोग होईल, नाहीतर हसू तरी येईल.

आम्ही जैन. भाद्रपदातले दहा दिवसांचे उपास-पूजा संपल्या की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी वर्षभरातल्या चुकांसाठी एकमेकांची हात जोडून क्षमा मागायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी साठ-सत्तर पोस्टकार्डं पाठवायचे. त्या वर्षी गावात चातुर्मासाला आलेले महाराज प्रवचनात म्हणाले, "ज्यांच्याशी भांडण नाही त्यांची क्षमा मागणं सोपं. ज्याच्याशी आहे, त्याच्या दारात कोण जातं?"

अप्पा पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर म्हणाले, "पद्मा, बॅग भर. तुला कानडी बरं येतं. दाजींकडे जाऊ."

दाजी म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीचे, माझ्या आत्याचे यजमान. बेंगळुरूला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या लग्नात अप्पा आचाऱ्याला म्हणाले होते, "दाजींना शेवटच्या पंगतीला बसवा, नाहीतर वऱ्हाडाला जिलेबी उरायची नाही." दाजी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने आत्याला घेऊन निघून गेले. तेव्हापासून ना पत्र, ना येणं-जाणं. दाजींनी ते वाक्य ऐकलं, याबद्दल अप्पांना तिळमात्र शंका नव्हती.

सकाळच्या बसने बेळगाव गाठलं आणि दुपारी गाडीत बसलो. तेव्हा ती लहान रुळांची गाडी होती. वेग असा की खिडकीतून बघितलेली म्हैस पुन्हा एकदा नीट बघता यायची. आमच्याकडे दशम्या, शेंगाचटणी आणि पाणी गाळायचं फडकं. मावळल्यानंतर जेवायचं नाही, म्हणून अप्पांचा एक डोळा सूर्यावर. लोंढ्याला गाडी फार वेळ थांबली, तसा सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. अप्पांनी चार दशम्या अशा वेगाने संपवल्या की समोरच्या बाईंनी काळजीने आपलाही डबा पुढे केला.

पोट भरल्यावर अप्पांनी माफीची तालीम सुरू केली. शेजारी हावेरीला उतरणारे एक पागोटेवाले गृहस्थ होते. अप्पा त्यांच्यापुढे हात जोडून गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडून कळत-नकळत तुमचा काही अपराध झाला असेल तर क्षमा असावी." मी कानडीत सांगितलं. गृहस्थांचा चेहरा उतरला. "एन् माडिदारे?" त्यांनी मला विचारलं, म्हणजे, यांनी केलंय तरी काय? आणि उत्तराची वाट न बघता फळीवरचं सामान मोजायला लागले. तीनही पिशव्या जागेवर होत्या, तरी पुढचा सगळा प्रवास त्यांनी त्या मांडीवर घेऊन केला.

सकाळी बेंगळुरू. हवा अशी गार की भाद्रपदात लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघालेले. स्टेशनबाहेर जटके उभे असत, आत गवत पसरलेल्या एका घोड्याच्या गाड्या. बसताना डोकं सांभाळा, असं लिहिणार होते, पण आता जटकेच उरले नाहीत. मल्लेश्वरमला जायला रुपयाभर पडला. तिथे रस्त्यांना नावांऐवजी आकडे: अमुक मेन, तमुक क्रॉस. पत्ता हातात असून आम्ही एकाच मारुतीवरून तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला घोडा आपणहून थांबला.

दार आत्यानेच उघडलं. तिने अप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पद्मी? एवढी झालीस?" एवढंच म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून आत कॉफी टाकायला गेली.

दाजी ओसरीवर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस. अप्पांनी थेट पाय धरले.

"दाजी, ते जिलेबीचं बोललो त्याची क्षमा करा."

"कुठली जिलेबी?" दाजी म्हणाले.

अप्पांनी सगळं सांगितलं. आचारी, शेवटची पंगत, अगदी शब्द न् शब्द. दाजींचा मोकळा गाल लाल होत गेला.

"असं म्हणालास तू? आचाऱ्यापुढे? मला खादाड?"

"म्हणजे... तुम्हांला माहीत नव्हतं?"

"आत्ता कळतंय!"

"मग तुम्ही निघून का गेलात?"

दाजी तरातरा आत गेले आणि भिंतीवरचा, ताईने पाठवलेला तिच्या लग्नाचा फोटो काढून आणला. "यात मी कुठाय, दाखव."

अप्पांनी शोधलं. मीही शोधलं. नवऱ्या मुलाच्या ताडमाड काकांच्या मागे एका काळ्या टोपीचा शेंडा दिसत होता.

"ती टोपी म्हणजे मी," दाजी म्हणाले. "थोरला जावई! खांबासारखा माणूस पुढे आणि मी मागे. उभं कुणी केलं? तू!"

"फोटोग्राफरने केलं!"

"मग आता दोन गोष्टींची माफी माग!"

"फोटोची का मागू? माझं काय चुकलं?"

अर्ध्या तासात भांडण अकरा वर्षांपूर्वीपेक्षा मोठं झालं. कुणी कुणाला गोमटेश्वराच्या पायऱ्यांवर मागे टाकलं होतं, तेही निघालं. तेवढ्यात आत्या कॉफी घेऊन आली. तिने पेले खाली ठेवले.

"तुमचं दोघांचं झालं की सांगा," ती शांतपणे म्हणाली. "जिलेबी ह्याची, फोटो ह्यांचा. अकरा नागपंचम्या मी या खिडकीत बसून काढल्या. माझं माहेर बंद केलं दोघांनी मिळून. माझी क्षमा कुणी मागायची?"

दाजींच्या गालावरचा फेस वाळला होता.

"स्वल्प विचार करा," आत्या म्हणाली आणि चपला घातल्या. "पद्मी, चल. लालबाग बघू. स्वयंपाक हे दोघं करतील. सूर्यास्ताआधी."

बस बदलून लालबागला गेलो. आधी एका हॉटेलात साधा डोसा खाल्ला. मसाल्याच्या डोशात कांदा-बटाटा, तो आम्हांला चालायचा नाही. मग काचघर पाहिलं आणि खडकावर चढून बसलो. वारा सुटला होता.

"प्रतिक्रमणात रोज सगळ्या जीवांना क्षमा करते," आत्या म्हणाली. "मुंगीला करते, डासाला करते. या दोघांपाशी आलं की जीभ अडते बघ." आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. मी तिचा हात धरून बसले. दुसरं काही मला येत नव्हतं.

परतलो तेव्हा घरभर धूर. अबोला असल्याने अप्पांनी आणि दाजींनी सगळं स्वतंत्रपणे केलं होतं. रवा दोघांनी भाजला, मीठही दोघांनी घातलं. पातेल्यात काळसर उपमा, आणि शेजारी हात जोडून उभे दोन प्रौढ पुरुष.

"अक्का, चुकलो," अप्पा म्हणाले. तालीम केलेलं काहीच आठवलं नाही त्यांना.

"मीही," दाजी जमिनीकडे बघत म्हणाले. "मी तुला पाठवायला हवं होतं."

आत्याने एक घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. सूर्य खिडकीच्या गजांपर्यंत उतरला होता.

"सरी, ठीक आहे. तुम्हांला क्षमा केली," ती म्हणाली. "उपम्याला नाही."

मग केळी खाऊन आम्ही चौघांनी तो दिवस साजरा केला. आत्याने त्याच संध्याकाळी ट्रंक भरली. "दिवाळीनंतर येईन," तिने दाजींना सांगितलं. दाजींनी काही विचारायला तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं.

या प्रवासातलं काय उरलं, असं नात विचारते. लालबागचा खडक उरला, मल्लेश्वरमची थंडी उरली. पण सगळ्यांत जास्त निपाणीची ती दुपार. घरी पोचल्यावर आत्या माजघरात सतरंजीवर आडवी झाली आणि गाढ झोपली. दारावर भाजीवाली ओरडत आली, तसे अप्पा अनवाणी धावत बाहेर गेले.

"हळू गं बाई," ते कुजबुजले. "आत माझी बहीण झोपलीय."