फोटोपुरता चेनसॉ

मंडळी, आज किळस आली.

जंगल स्वयंसेवक म्हणून आधी हातकरवत चालवायला शिकले, मग मोटारीवर चालणारा चेनसॉ. सकाळी महाबळेश्वर रस्त्यावर झाड पडलं. पहिलं खरं काम मिळणार म्हणून धावतच गेले.

गटप्रमुखांनी चेनसॉ माझ्या हातात दिला, फोटो काढला आणि लगेच परत घेतला.

"आवं सर, मी शिकलेय की!"

"व्हय गं, लय हुशार हायस. आता फांद्या गोळा कर."

गटातली पोरं फिदीफिदी हसली. मी फांद्या ओढल्या.

आता तो फोटो 'आमची रणरागिणी' म्हणून फिरतोय. आई शेजाऱ्यांना दाखवतेय. नीट बघा, चेनसॉच्या पात्यावरचं कव्हरसुद्धा निघालेलं नाही.

कृपया अभिनंदन नको. फोटोखाली एवढंच विचारा: झाड कापलं कुणी?