होळीच्या माळाची चोपणी

येसाजीला बसवत नसे. कशेळ्याच्या पुढच्या उंबरणे गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाला गेला तर पंगतीत बसायचं सोडून वाढायला उभा राही. मयताला गेला तर सरणाची लाकडं उचलायला पहिला. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात त्याने बॉयलरवर आयुष्य काढलं. रात्रपाळी करून यायचा आणि झोपायचं सोडून बांध घालायला जायचा. निवृत्त झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता तरी टेकेल. टेकला नाही.

"अवो, बुडाला काटे हायत का तुमच्या?" बायको चंद्राबाई विचारी.

"काम हाय."

"कुनाचं?"

याचं उत्तर तो देत नसे, कारण काम गावाचं होतं आणि सांगितलेलं कोणी नव्हतं. काम होतं होळीच्या माळाचं.

गाव आणि नदी यांच्या मध्ये तो माळ. वरच्या अंगाला आंब्याखाली तीन वीरगळ उभे. कुठल्या लढाईत पडलेले ते वीर, कोणाला माहीत नाही. दगडावर ढाल-तलवार दिसते, माथ्यावर चंद्र-सूर्य दिसतात. शिमग्याला त्यांना तेल-शेंदूर लागतो. माळाच्या मधोमध कबड्डीचं मैदान. आता सगळीकडे मॅटवर सामने होतात, पण उंबरण्याचे सामने अजून मातीवर. दहिवलीपासून खालापूरपर्यंतचे संघ येतात आणि गुडघे न फोडता परत जातात. ते न फुटलेले गुडघे म्हणजे येसाजीची कमाई.

तो स्वतः खेळाडू नव्हता. तरुणपणी एका मोसमापुरतं त्याला संघात घेतलं होतं. अंगात जोर होता, पण पाय जड. चढाईला गेला की तिकडचाच व्हायचा. संघाचा कप्तान गजा त्याचा बालमित्र. त्याने एकदा वैतागून सांगितलं, "येशा, तू खेळू नको बाबा. तू मैदानावर पाणी मार." येसाजीने रागारागाने पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर एका कोपऱ्यात माती दगडासारखी झाली होती आणि दुसऱ्यात भुसभुशीत. तो तिथेच उकिडवा बसला आणि विचार करू लागला, असं का झालं. तेव्हापासून मैदान त्याचं.

मैदान करणं म्हणजे ताकद नव्हे, घाई न करणं. माती खणायची, ढेकळं फोडायची, खडा दिसला की वेचायचा. पाणी द्यायचं आणि थांबायचं. माती ओलीही नको, सुकीही नको. मूठ वळली पाहिजे आणि बोट लावताच फुटली पाहिजे. मग लाकडी चोपण्याने ठोकत जायचं. चोपणं उचलायला जोर लागतो असं नवख्याला वाटतं. उचलणं सोपं. ते सपाट पडलं पाहिजे; कडेवर पडलं की खळगा झालाच. आणि एकदा चोपायला सुरुवात केली की मधे उठायचं नाही. ऊन माती खाऊन टाकतं.

म्हणून या कामाला घरटी एक माणूस यायची रीत होती. शिमग्याच्या आधी एक दिवस ठरे, पहाटे ढोल वाजे, आणि प्रत्येक घरातून एकजण चोपणं घेऊन निघे. ज्या घरातून कोणी येत नसे, त्या घरासमोर होळीचा ढोल थांबत नसे. ही शिक्षा कुठे लिहिलेली नव्हती. मुंबईला नोकरी करणारा माणूससुद्धा त्या दिवशी रजा टाकून येई.

त्या वर्षी जानेवारीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक नकाशा लागला. मोकळ्या जागेचा विकास, खुली व्यायामशाळा आणि जुन्या अवशेषांचं जतन, असा निधी मंजूर झाला होता. मार्चअखेर खर्च व्हायला हवा होता, नाहीतर परत जाणार होता. येसाजी नकाशासमोर उभा राहिला. अख्खा माळ करड्या चौकोनांनी भरला होता. वीरगळ आंब्याखालून काढून फरशीच्या ओट्यावर, ग्रिलच्या आत उभे केले होते.

ग्रामसेवक कमलेश आतून बाहेर आले.

"भाऊसाहेब, ह्यात माती कुठं हाय?"

"माती कशाला, काका? पेव्हर ब्लॉक आहेत. चिखल होणार नाही."

"आणि कबड्डी?"

"मॅट टाकायची. हल्ली सगळीकडे तेच."

येसाजी घरी गेला तो जेवलाच नाही. ताट समोर ठेवून उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा उठला. दुसऱ्या दिवशी गजाकडे गेला. गजा आता टपरीवर बसून गावाला सल्ले देत असे.

"सोपं हाय," गजा म्हणाला. "ह्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. सभेला शंभर मानसं लागतात. शंभर नाय जमली तर सभा नाय. सभा नाय तर ठराव नाय. ठराव नाय तर ब्लॉक कुठं घालतील, माझ्या डोक्यावर?"

येसाजीला हे पटलं, कारण यात पायपीट होती. तो घरोघर निघाला. सव्वीस जानेवारीला झेंड्याला जा, पण सभेला बसू नका, एवढंच सांगायचं. कोणी कारण विचारलं तर माळाचं सांगायचं. लोकांना सभेला न जाण्याचं निमित्त आयतंच मिळालं. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, पेढे वाटले, आणि माणसं पाखरांसारखी उडाली. शाळेच्या पडवीत सरपंच छाया, भाऊसाहेब, चार-दोन सदस्य आणि पेढ्यांची रिकामी खोकी उरली. येसाजी रस्त्यापलीकडून बघत होता. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सभा तहकूब केली.

येसाजी त्या दिवशी बायकोच्या हातचं पोटभर जेवला.

पंधरवड्याने माळाच्या खालच्या कडेला टेंपो येऊन उभा राहिला आणि दोन माणसं त्यातून करडे ब्लॉक उतरवू लागली. येसाजी तसाच चिखलाच्या पायांनी पंचायतीत शिरला. छाया खुर्चीवर होती. ती गावची सून. नात्याने येसाजीला मामा म्हणे.

"छाया, ठराव झालाच नाय, मग माल कसा आला?"

"झाला की, मामा. तहकूब सभा घेतली मागच्या बुधवारी. फळ्यावर लावलं होतं."

"शंभर मानसं कुठं होती?"

छायाने भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "काका, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आम्ही सातजण होतो. मंजूर."

येसाजी उभाच राहिला.

"मामा, बसा तरी."

"नको."

"एक सांगू? राग मानू नका." छायाने कपाटातून घडी केलेला कागद काढून उलगडला. "मी सव्वीस तारखेला हा दुसरा नकाशा घेऊन बसले होते. मधली जागा मातीची ठेवायची, कडेला ब्लॉक. कोनीतरी उठून बोलंल, मग मला धरता येईल, असं वाटलं होतं. सदस्य तयार नव्हते. मी एकटी काय करनार? तुमी आला असता ना, तर झालं असतं."

येसाजीने नकाशा पाहिला. मधे एक लांबट चौकोन कोरा होता. त्याने एवढी दारं झिजवली होती ती नेमकी हा कोरा चौकोन पुसायला.

"आता?"

"आता ठराव फिरवायचा तर विशेष सभा. आणि तिला पूर्ण मानसं पायजेत. ठेकेदार शिमगा झाला की काम धरनार."

तो बाहेर पडला आणि त्याच पावली पहिल्या घरापासून सुरुवात केली.

"सभेला या."

"अरे, मागं तर नको म्हनालास!"

"आता या."

"येशाकाका, तुझं एक काय ते ठरव. उद्या म्हनशील, ना आत ना बाहेर, पायरीवर उभे रावा."

कोणी हसलं, कोणी चहा पुढे केला, कोणी बघू म्हणालं. बघू म्हणजे नाही, हे येसाजीला कारखान्यापासून माहीत होतं. गजाने तर डोळेच मिटून घेतले. "मला काय ठाऊक असला कायदा असंल? मी फक्त पहिला अर्धा वाचला होता."

संध्याकाळी घरी तो ओटीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात फिरत राहिला. चंद्राबाई तांदूळ पाखडत होती.

"सभेला नाय येनार कोनी," ती म्हणाली. "सभेला कोन जातंय? चोपनीला बोलवा, धावत येतील."

येसाजी थांबला.

दुसऱ्या दिवशी तो छायाकडे गेला. चोपणीचा दिवस आणि सभेचा दिवस एकच ठेवायचा, आणि सभा शाळेत नाही, माळावरच घ्यायची. भाऊसाहेब म्हणाले, जागा नोटिशीत लिहिली म्हणजे झालं. पण छायाने घरांची मोजदाद पुढे ठेवली. गावात घरं सत्तरएक. घरटी एक धरलं तरी शंभर होत नाहीत.

"वाडी धरली तर होतात," छाया म्हणाली.

वर डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी होती. पंचायत एकच, मतदार एकाच यादीत. पण घरटी एक माणूस म्हणताना वाडीची घरं कधी कोणी मोजली नव्हती. वाडीचे ढोलवाले शिमग्याला खाली येत, वाजवत, जात. येसाजीनेही कधी मोजली नव्हती. ते त्याला आता, चढण चढताना लक्षात आलं, आणि चढण जास्तच उभी वाटली.

पोशा दारात टोपली विणत होता. तो काही वर्षं कारखान्यात रोजंदारीवर होता, तेव्हा दोघं एका पाळीला असत. पोशाची बायको आवडी आतून ऐकत होती.

"चोपनीला या," येसाजी म्हणाला. "घरटी एक."

पोशाने बांबूची कामटी दातात धरली, काढली. "चोपनीला बोलावतोस, का सह्या करायला?"

येसाजीला खोटं बोलता आलं असतं. "दोनी."

"आजवर आमची घरं दिसली नायत."

"नाय दिसली."

आवडी बाहेर आली. "माझ्या पोराचा, रानूचा संघ हाय वाडीचा. सामन्याला चिठ्ठी टाकली तर म्हनतात, गावाचेच संघ. आमी मैदान चोपायचं आणि पोरांनी दोरीबाहेरून बघायचं, व्हय रं येशादादा?"

"ते माझ्या हातात नाय."

"मग सभेच्या हातात असंल," पोशा म्हणाला. "तितं बोलू आमी. तू मधे पडू नको म्हंजे झालं."

चोपणीच्या पहाटे ढोल वाजला. येसाजी अंधारातच पाणी मारून मातीपाशी बसला होता. बसला म्हणजे बोटं मातीत घालून उकिडवा. एकेक घर येऊ लागलं. मग वरच्या वाटेने वाडीची माणसं आली, बायका-बाप्ये मिळून, आणि त्यांच्याकडे चोपणी नव्हती म्हणून कोणी फळ्या आणल्या, कोणी मुसळं. गावातल्या काहींनी एकमेकांकडे पाहिलं. येसाजीने पोशाच्या हातात स्वतःचं चोपणं दिलं आणि आपण फळी घेतली. रांगा धरल्या. ठोके सुरू झाले.

अर्धं मैदान झालं तेव्हा गावातल्या बायका न्याहारी घेऊन आल्या आणि भाऊसाहेब हजेरीची वही घेऊन सगळ्यांतून फिरले. मातीच्या हातांनी सह्या आणि अंगठे पडले. शंभर झाले, वर काही झाले. छायाने सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि मधली जागा मातीची आणि वीरगळ आंब्याखाली ठेवण्याचा विषय मांडला.

येसाजीला वाटलं, आता हात वर होतील आणि संपेल. हात वर झाले नाहीत. पहिली उठली ती चंद्राबाई.

"माती ठेवा," ती म्हणाली. "पन वरसातनं चार दिवस बाप्ये खेळनार, बाकी दिवस शेरडं नि बाटल्या. आमाला टेकायला एक दगूड नाय तितं. कडेला बाकं पायजेत. आणि पोरींना पन खेळायला दिवस पायजेत. नायतर माझा हात नाय."

"अगं!" येसाजी म्हणाला.

"अगं काय? तुमाला बसायचं नसतं, मला बसायचं असतं."

माळ हसला. मग पोशा उठला. वाडीचा संघ या वर्षी खेळणार असेल तर वाडीचे हात वर होतील, एवढंच तो म्हणाला. सामने भरवणाऱ्या मंडळाचे दोघे-तिघे गुरकावले. सामने हा सभेचा विषय नाही, असं एकजण म्हणाला. भाऊसाहेबांनी तेच नियमाने सांगितलं. बोलाचाली वाढली. कोणी म्हणालं, हे पाहुणे. आवडी म्हणाली, मत देताना पाहुणे नसतो आमी. गजा मधे पडला आणि दोघांकडून बोलणी खाऊन परत बसला.

येसाजीचं लक्ष मातीवर होतं. सूर्य आंब्याच्या वर आला होता. न चोपलेल्या अर्ध्या भागाचा रंग फिका पडू लागला होता. तो एका पायावरून दुसऱ्यावर झाला. अजून थोडा वेळ, आणि मैदान या वर्षापुरतं गेलं. ठराव होवो न होवो.

तो मंडळवाल्यांसमोर जाऊन उभा राहिला. सभेत तो आयुष्यात बोलला नव्हता.

"वाडीचा संघ खेळंल," तो म्हणाला. "नायतर मैदान मी करनार नाय. ह्या वर्सापासनं कुनासाठीच नाय."

"काका, धमकी देता?"

"नाय. माती सुकतेय. लवकर बोला."

मंडळाचा अध्यक्ष पुढे आला. त्याने खाली मातीकडे पाहिलं आणि हात वर केला. त्याच्या मागे बाकीचे. बायकांचे हात बाकांची आणि पोरींच्या दिवसांची कबुली छायाकडून ऐकल्यावरच वर गेले. वाडीचे हात सर्वांत शेवटी, पण एकदम.

ठराव झाला. वीरगळ आंब्याखालीच राहणार होते. आलेले ब्लॉक परत जाणार नव्हते. ते रस्त्याच्या बाजूने पडणार होते, म्हणजे मैदानाची खालची कड हातभर आत येणार होती. पोरींचे आठवड्यातले दिवस मातीवर असणार होते, म्हणजे पाणी आता वर्षभर मारावं लागणार होतं. वरच्या कार्यालयातून मंजुरी यायची होती, आणि ती येईल की नाही हे भाऊसाहेब सांगू शकत नव्हते.

लोक उभे राहून यावर बोलू लागले. कोणी छायाचं अभिनंदन करत होतं, कोणी बाकं कुठल्या बाजूला यावरून भांडायला लागलं होतं.

येसाजीने चिमूटभर माती उचलून चोळली. ती अजून चिकटत होती, जेमतेम.

"अरे, बोलताय काय!" तो ओरडला. "चोपा!"