बोलावणं आलं तर

रेनाल्ड डेगलला खोटं बोलता येत नाही, असं कौतुकाने सांगणारी माणसं सेंट जॉन नदीच्या दोन्ही काठांवर होती. अलीकडच्या अमेरिकेत होती आणि पलीकडच्या कॅनडातही होती. त्याची बायको लोरेट मात्र हे कौतुकाने सांगत नसे. "येत नाही असं नाही," ती म्हणे, "त्याला वेळेवर सुचत नाही. सुचेपर्यंत खरं तोंडातून निघून गेलेलं असतं."

रेनाल्ड कागदाच्या गिरणीत मोठ्या यंत्रावर होता. आमच्या खोऱ्यात गिरणीच्या माणसाचं एक ठरलेलं असे. पाळी नसली तरी फोन आला की जायचं. कुणी आजारी पडलेलं असो, यंत्रावरचा कागद सारखा तुटत असो, कारण विचारायचं नाही. माणूस भरल्या ताटावरून उठायचा, बायका डबा भरून द्यायच्या आणि दाराशी पोचेपर्यंत त्याचं निम्मं लक्ष यंत्रात गेलेलं असायचं. पुष्कळजण अधूनमधून फोन वाजू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे की अंगणात बर्फ उपसत होतो, ऐकूच आला नाही. रेनाल्डने तसं कधी केलं नाही. गिरणीवाले आधी त्यालाच फोन करायचे यात नवल ते काय? वाकणारं झाड दिसलं की लोक त्यावरच कपडे वाळत घालतात.

बटाटे काढायच्या दिवसांत गिरणी बंद झाली आणि पहिला बर्फ पडायच्या आत लोरेटच्या पोटातल्या दुखण्याला डॉक्टरांनी नाव दिलं. इलाज करून उपयोग नाही, हेही त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मला त्या खालच्या गावच्या शुश्रूषागृहात टाकू नकोस. माझी आई तिथे भिंतीकडे तोंड करून गेली. मला आपल्या पुढच्या खोलीत ठेव, नदी दिसेल अशी. आणि तू जवळ हवास."

"मी कुठे जाणार आहे आता?" रेनाल्ड म्हणाला.

घरी ठेवायचं म्हणजे घर ऊबदार ठेवायचं. आमच्याकडचा हिवाळा तेल पितो. शिवाय दुखण्यावर इंजेक्शन द्यायला बाई यायची, तिचंही होतं. एकुलती मुलगी लांब कनेटिकटला, तिचंच तिला पुरत नव्हतं. राहता राहिला राज्याचा बेकारभत्ता.

त्यासाठी रेनाल्डला तयार करणं हे एक कामच होऊन बसलं. त्याच्या बापाने वाईट दिवसांत पोरांना नुसत्या प्लोयवर, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांवर काढलं, पण गावाकडे हात पसरला नव्हता. शेवटी ओनिल आला. ओनिल हा त्याचा यंत्रावरचा जोडीदार. या आधी दोन-तीनदा घरी बसलेला असल्यामुळे भत्त्याच्या बाबतीत त्याला वकिलापेक्षा जास्त कळायचं, निदान तो तरी तसं सांगायचा.

"अरे, ही भीक नाही, विमा आहे," ओनिल म्हणाला. "तुझ्या नावाने गिरणी इतकी वर्षं भरत होती. तू नाही घेतलास तर काय राज्यपाल येऊन तुझ्या पाया पडणार आहे?"

नाव घातलं गेलं. दर रविवारी फोन करायचा, यंत्रातली बाई प्रश्न विचारते, त्यांना बटण दाबून हो किंवा नाही सांगायचं. या आठवड्यात काम केलं का, काम शोधलं का, कुठलं काम नाकारलं का. रविवारी चर्चहून आलं की रेनाल्ड अंगातला कोटही न काढता हा विधी उरकून टाकी. आधी देवासमोर, मग राज्यासमोर, असं लोरेट म्हणायची.

पुढे एक आठवडा फार वाईट गेला. लोरेटच्या पोटात काही ठरेना. सगळा आठवडा रेनाल्ड तिच्या पलंगापाशी खुर्ची टाकून बसला. आणि रविवारी यंत्रातल्या बाईने नेहमीचाच प्रश्न विचारला: या आठवड्यात रोज काम करायला तुम्ही समर्थ आणि मोकळे होता का?

आजवर त्याने 'हो' दाबलं होतं. त्या दिवशी बोट थांबलं. मोकळा? मोकळा कसा? त्याने 'नाही' दाबलं. मग कोट काढला आणि सूप गरम करायला घेतलं.

भत्ता थांबला. पाठोपाठ पत्र आलं की तुम्ही कामाला उपलब्ध नाही, सबब पात्र नाही. ओनिलने पत्र वाचून कपाळावर हात मारला.

"यंत्राला कोण खरं सांगतं रे बाबा? ते काय पाद्री आहे?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

"जाऊ दे. अपील कर. फोनवर सुनावणी होते. बाई किंवा बुवा असतो, विचारतो, तू सांगतोस, संपलं. पण या वेळी नीट सांग."

सुनावणीची तयारी लोरेटने करून घेतली. उश्यांना टेकून बसायची, औषधाचा चमचा टेबलावर आपटायची आणि साहेबीण व्हायची. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण आवाज अजून तसाच होता.

"मिस्टर डेगल, काम आलं असतं तर गेला असतात का?"

"तुला सोडून?"

"मी लोरेट नाहीये, मी राज्य आहे. हो म्हण."

"पण..."

"हो म्हण, गाढवा. माझी बहीण सिसील येऊन बसली असती. तसं ती बसलीच असती. तेव्हा खोटंसुद्धा नाही ते. तू हो म्हणालास तर मी इथे राहते. नाही म्हणालास तर गेले खालच्या गावी. आता सांग."

"हो."

"आवाज कुठे गेला?"

असं रोज चाले. सिसील स्वयंपाकघरात हसायची, मग नळ सोडून भांडी घासायला लागायची, म्हणजे तिचं नाक ओढणं ऐकू जाऊ नये.

सुनावणीच्या सकाळी रेनाल्डने दाढी केली, धुतलेला सदरा घातला. फोनवरच्या बाईला दाढी दिसणार नव्हती हे त्याला ठाऊक होतं. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधलं दार उघडं होतं. लोरेटनेच तसं ठेवायला सांगितलं होतं. बाईने उजवा हात वर करायला सांगितला. रेनाल्डने ओट्यापाशी उभं राहून हात वर केला आणि शपथ संपल्यावरही तो खाली घ्यायचं विसरला.

बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, माणूस सावध राहतो. रेनाल्डने पाठ केलेला प्रश्न तिने विचारलाच नाही. ती म्हणाली, "मिस्टर डेगल, तुम्ही गिरणीत होता. तिथे अवेळी बोलावणं यायचं का?"

"यायचं."

"घरी अडचण असताना आलंय कधी?"

"आलंय ना."

"मग काय करायचात?"

या प्रश्नाची तयारी झालेली नव्हती, म्हणून खरं आपसूक बाहेर आलं. "जायचो. मुलगी झाली त्या दिवशी गेलो होतो, बायको अजून इस्पितळात होती. सासूला पुरलं, त्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवायला बसलो होतो, तेव्हाही आलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळे जमले होते, तेव्हाही. नाही म्हटलं असं एकदाही झालं नाही, मॅडम. तुम्ही गिरणीत विचारू शकता. म्हणजे, गिरणी असती तर."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज येत होता. "म्हणजे त्या आठवड्यातही बोलावणं आलं असतं, तर?"

रेनाल्डने दाराकडे पाहिलं. लोरेट उश्यांवरून त्याच्याकडेच बघत होती. तिने मान हलवली, हो म्हण.

"गेलो असतो," तो म्हणाला.

इतके दिवस त्याला वाटत होतं, ही आपली आयुष्यातली पहिली खोटी साक्ष होणार. बोलून झाल्यावर त्याला कळलं की ती खोटी नव्हती. त्या आठवड्यात फोन वाजला असता, तर तो खुर्चीवरून उठला असता, सिसीलला हाक मारली असती आणि बूट शोधायला लागला असता. हे त्याला कळलं तसं लोरेटलाही कळलं, आणि दोघांनाही दुसऱ्याला कळल्याचं कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन ठेवल्यावर तो खोलीत गेला. "कसं झालं?" त्याने विचारलं.

"छान झालं," लोरेट म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पंचविसाव्याचं मी विसरले होते."

निकाल त्याच्या बाजूने लागला. थांबलेला भत्ता आला, तेलाची टाकी भरली आणि पुढचे काही आठवडे, खरं सांगायचं तर, त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. नवऱ्याला इतकं सलग बसलेलं लोरेटने लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. तो तिला पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या वाचून दाखवायचा, आणि ती गेलेल्या माणसांची उणीदुणी काढायची. नदीवरचा बर्फ कधी फुटेल यावर दोघांनी पैज लावली. तिने जवळची तारीख घेतली, त्याने लांबची. तिने अशी तारीख का घेतली हे त्याने विचारलं नाही.

आणि मग रोजगार कार्यालयातून फोन आला. तासाभराच्या अंतरावर कागदी रुमालांची गिरणी होती, तिथे यंत्रावर अनुभवी माणूस हवा होता. सोमवारपासून. पगार बरा, काम ओळखीचं. हे तुमच्या लायक काम आहे, फोनवरचा पोरगा खुशीत म्हणाला, त्याला वाटलं आपण आनंदाची बातमी देतोय.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर भत्ता बंद होईल, सर. आणि तुमच्या अपिलात तर तुम्ही शपथेवर सांगितलंय ना, की..."

"सांगितलंय," रेनाल्ड म्हणाला.

ओनिल तावातावाने आला. "पाठ धरली म्हण. गाडी बंद आहे म्हण. अरे, ती शपथ इंग्रजीत होती. आपण घरी फ्रेंच बोलतो. देव अर्धीच धरेल."

"मी हात वर केला होता, ओनिल."

"फोनवर? कुणाला दिसला?"

 मग ओनिलने टोपी घातली. जाताना म्हणाला, "दोन-चार दिवस तरी मागून बघ." रेनाल्डने मागून बघितले. गिरणीच्या माणसाने सांगितलं, सोमवारी हवा, नाहीतर दुसरा उभा आहे.

रविवारी संध्याकाळी तो लोरेटपाशी बसला. ती दोन दिवस फार झोपत होती, जागी झाली की ओठ ओले करून मागायची. त्याने कापसाने ओठ ओले केले आणि विचारलं, "जाऊ का?"

ती खिडकीकडे बघत राहिली. "शपथ तू घेतलीस," ती म्हणाली. "जा. मी कुठे पळून चालले आहे?"

इतक्या वर्षांत तिचं हे 'जा' त्याने पुष्कळदा ऐकलं होतं. मुलगी झाली तेव्हा ऐकलं होतं, सासूच्या जेवणातही ऐकलं होतं. प्रत्येक वेळी त्याने ते परवानगी समजून घेतलं आणि प्रत्येक वेळी ती तोंड दुसरीकडे वळवूनच बोलली होती. हे तिसऱ्या माणसाला सहज दिसलं असतं. सिसीलला दारातून दिसतही होतं. ती बोलली नाही. नवरा-बायकोत कोण पडतं?

सोमवारी सिसीलने डबा भरला. तो गेला.

नव्या गिरणीत फोन कपाटात ठेवायचा नियम होता. यंत्र त्याच्या जुन्या यंत्रापेक्षा लहान होतं, पण थरथर तीच, ओल्या लगद्याचा वास तोच. जेवणाच्या आधी कागद तुटला, आणि तिथली पोरं गोंधळलेली असताना रेनाल्डने तो पुन्हा चढवून दिला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा, दोन-तीन तास, त्याला लोरेटची आठवण झाली नाही. पुढे हे त्याने पाद्र्याला सांगितलं. पाद्री म्हणाला, हे पाप नव्हे. रेनाल्डला ते पटलं नाही.

दुपारी मुकादम स्वतः यंत्रापाशी आला आणि कानाशी ओरडून म्हणाला की घरून फोन आहे. माणूस एवढ्या जवळ येऊन ओरडतो तेव्हा बातमी ऐकण्याआधीच कळलेली असते.

तो पोचला तेव्हा सिसीलने लोरेटचे केस विंचरले होते आणि हनुवटीखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला होता. नदी दिसत होती. सगळं तिला हवं होतं तसंच होतं. खुर्चीही पलंगापाशीच होती, फक्त तिच्यावर सिसीलचं विणकाम पडलेलं होतं. ते त्याने उचलून बाजूला ठेवलं आणि बसला. हाताला अजून गिरणीचा वास होता, म्हणून तिच्या गालाला त्याने हात लावला नाही.

"शुद्धीत होती?" त्याने विचारलं.

"होती. सकाळी होती."

"काही म्हणाली?"

सिसील गप्प राहिली असती तर चाललं असतं. पण त्या घराण्यात खरं दाबून ठेवायची रीत नव्हतीच.

"तू कुठे आहेस, असं विचारलं. मी म्हटलं, कामावर गेला. तर जरा हसली. म्हणाली..." सिसीलने पदरासारखं आपलं एप्रन तोंडाला लावलं आणि मग काढलं. "म्हणाली, मी त्याला हो म्हणायला सांगितलं होतं गं. जायला नव्हतं सांगितलं."