मेणातली कोडगी

सुमन गेली त्या दुपारी मी खाली कँटीनमध्ये थर्मास भरून घेत होतो. वर आलो तर पडदा ओढलेला. नर्सबाई म्हणाली, "बाबा, बसा जरा." मी बसलो नाही. चहा सुमनसाठी होता, म्हणून आधी तो टेबलावर ठेवला, झाकण घट्ट आहे का पाहिलं आणि मग पडदा सारला... बायको गेल्यावर काय होतं ते शिकलेली माणसं चांगल्या भाषेत लिहितात. मी सातवीपर्यंत गेलेला, जळगावात केळीच्या वखारीत घड उतरवत जन्म काढलेला माणूस. आता दोन महिने होत आले. रडू कमी येतं, राग जास्त येतो. जे येतं तेच लिहितो.

रागाला कारण आहे. तिला न्यायची तयारी चालली होती, तेव्हा यावलकडच्या आमच्या गावाहून आलेल्या माझ्या मोठ्या वहिनी ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "नाना, तिच्या पिशवीचा तुकडा धुळ्याले ठेवला म्हने. तो आणला का? अर्धं माणूस जाळता का तुम्ही?" मी म्हणालो, "नाही आणला. आणणार बी नाही." तर बायकांकडे वळून म्हणतात कशा, "जित्तेपनी पिशवी कामाची नव्हती, मेल्यावर कोनाच्या कामाची?" कोणी हसलं नाही, पण त्यांना गप्पही कोणी केलं नाही. मीही नाही. सुमन समोर होती, तिच्यासमोर भांडलेलं तिला कधी चालायचं नाही.

गर्भपिशवीचा तो तुकडा कसला, ते सांगायला पाहिजे. आम्हाला मूल झालं नाही. वहिनींची मुलगी वैशाली शाळेसाठी लहानपणी जळगावला आमच्याकडे आली आणि कॉलेज होईपर्यंत राहिली. तिच्या वेण्या, तिचा डबा, तिची तापं, सगळं सुमननं केलं. पुढं पोरगी खूप शिकली आणि धुळ्यात एका प्रयोगशाळेत लागली. कॅन्सरच्या गाठींत बारीक काय चालतं ते शोधायचं काम. सुमनचं माहेर धुळ्याकडचं, मरेपर्यंत तिच्या तोंडची बोली गेली नाही. वैशू सुट्टीत आली की सुमन विचारायची, "काय करस व तू दिनभर?" मग पोरगी समजावून सांगे. आपल्या पेशीत आरएनए नावाचे धागे असतात. काही धागे निरोप नेतात, त्या निरोपावर शरीराला लागणारं प्रोटीन तयार होतं. पण पुष्कळ धागे असे की त्यांच्यापासून प्रोटीन बनतच नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही असल्या भागाला कचरा म्हणून सोडून दिलं होतं. आता कळतंय की त्यांच्यातलेच काही लगाम धरून बसलेत. कोणता निरोप पोहोचू द्यायचा, कोणता अडवायचा, ते हे ठरवतात, आणि यांचं बिघडलं की पेशी मोकाट सुटते, गाठ धरते. "त्यांना नॉन-कोडिंग म्हणतात, काकू."

सुमन कानानं थोडी कमी. म्हणाली, "कोडगं?"

"नॉन-कोडिंग गं."

"तेच ते. पोटले काही नही, लोके कचरा म्हनतस, तरी घर धरी बसेल. मी बी तशीच शे ना मंग."

वैशू हसता हसता भिंतीला टेकली. तेव्हापासून आमच्या घरात ते कोडगे धागेच झाले. मी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचो, "काय म्हणतात तुमचे कोडगे?"

पण हा शब्द सुमनच्या कानाला असाच लागला नव्हता. तो त्याआधीच वहिनींनी दिलेला. वैशूच्या लग्नात हळद सुमननं दळली. नवरीला लावायला ती वाटी घेऊन पुढं झाली, तर वहिनींनी भर मांडवात तिच्या हातातून वाटी काढून घेतली. "तू राहू दे. लेकुरवाळ्या लावतीन." सुमन मागच्या दारी जाऊन वरणाबरोबरच्या बट्ट्या भाजत बसली आणि पंगत बसल्यावर वरणाची बादली घेऊन पुन्हा मांडवात आली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "किती कोडगी हाये वं ही, हाकललं तरी वाढायले येते." मी उठलो. सुमननं बादली माझ्या हातात दिली. "आधी बठ्ठासले वाढा. भांडन थंडं व्हत नही, वरन व्हस." मी सगळ्यांना वाढलं. त्या दिवसाचं भांडण अजून गरम आहे, ते तिनं बरोबर सांगितलं होतं.

मग गाठ झाली ती त्याच पिशवीत. ऑपरेशन धुळ्याला झालं. आदल्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवू का. सुमननं वैशूकडं पाहिलं. "यामा त्या कोडगा शेतस का?" वैशू खोटं बोलणारी नाही. म्हणाली, "असतील. पण तुला त्याचा उपयोग होणार नाही, काकू. आणि काही सापडेलच असंही नाही." सुमन म्हणाली, "तरी ठेव. सुखमा ऱ्हाऊ देऊ नको त्याले." त्याले म्हणजे रोगाला. आयुष्यात तिनं एवढाच एक वैरी धरला. बाकीचे माझ्यावर सोडून गेली.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला घागर भरतात. ते काम मुलाचं, मूल नसेल तर पुतण्याचं. वहिनींचा निरोप आला, "आमचा पोरगा घागर भरीन. पण आधी तो तुकडा आणून तापीत सोडा. नाही तं भरा तुमची तुम्ही." त्यांना वाटलं, नाना अडकला.

मी एसटी धरून धुळ्याला गेलो. तुकडा आणायला नव्हे, बघायला. वैशूनं कपाटाचा एक खण ओढला. प्लास्टिकच्या चौकटीत मेणाची वडी, खडीसाखरेच्या खड्याएवढी, आणि तिच्या पोटात फिकट डागासारखा तो तुकडा. मी विचारलं, "दुखतं का?" तिचे डोळे भरले. म्हणाली, "काकूला आता काही दुखत नाही, नाना." मी म्हणालो, "काकूचं नाही. गाठीला दुखतं का?"

"नाही. मेली आहे ती."

"मग अजून मारा."

ती माझा हात धरून सांगू लागली. मेणात ठेवलं की लांब धागे तुटतात, त्यांचे तुकडे होतात. पण ती ज्यांच्यावर काम करते ते अगदी बारीक धागे पुष्कळसे शाबूत राहतात, वर्षानुवर्षं. "कोडगे ना," मी म्हणालो. "हो," म्हणाली, "कोडगेच." तिथंच उभ्याउभ्या मी घागरीचं विचारलं. ती म्हणाली, "मीच भरणार होते. विचारता कशाला?"

तेव्हा वहिनी, मी हे ज्या पेपरच्या पुरवणीत लिहितोय ती तुमच्या घरी येते आणि तुम्ही ती वाचता, म्हणून इथंच सांगतो. तुकडा तापीत जाणार नाही. सुमनची घागर वैशाली भरणार, सुमनची लेक म्हणून. तुम्ही जरूर या. पाट मधोमध मांडतो, सांजोरी पोटभर खा. पण घागरीकडं हात नेलात तर भरल्या घरात मी म्हणणार आहे, "तुम्ही राहू द्या. लेक भरीन." रोज दुपारी चहा होईपर्यंत स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून मी हे म्हणून बघतो. आवाज आता कापत नाही.

चहा अजून दोघांचाच होतो, आणि थर्मासमधला तिचा मलाच प्यावा लागतो... त्या दिवशी धुळ्यात वैशूनं खण लावला, तरी मी त्यावरचा हात काढला नव्हता. कपाट गार होतं. आत ती होती, तिच्या वैऱ्याला धरून. मी खणावर दोनदा थोपटलं आणि म्हणालो, "तू तुझं बघ. वरण मी वाढतो."