निळी वही
आमच्या सात रस्त्याजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे एक क्लार्क आहेत. अडलेल्या माणसाला 'न्हाय' म्हणणं त्यांना जमतच नाही. पोरांचे, आम्हा प्राध्यापकांचे, सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्या निळ्या वहीत असतात. कुणी विसरलं की ते वाचून दाखवतात.

परवा मला बघताच ते खुर्चीवरून उठले.

"बरं वाटतंय न्हवं मॅडम? तुमच्या भावाचा फोन होता. तुमी आजारी हाय म्हनले, लई घाबरलेले. दिला की तुमचा पासवर्ड."

दुसऱ्या दिवशीचा पेपर त्याच खात्यात होता. आणि मला भाऊ नाही.

मी लगेच पासवर्ड बदलला. त्यांनी वहीतल्या जुन्यावर रेघ मारली आणि पेन धरून थांबले.

"नवा सांगा. परत विसरशीला."

मी सांगितला.